डाव पाहणाराचा धर्म

सन २०२५ च्या जुलै महिन्याची २८ तारीख, पहिला श्रावणी सोमवार. बोरघाटाच्या माथ्यावर ढग उतरले होते आणि शिळफाट्यावर पावसानें अशी झड धरली होती कीं, हातांत छत्री असून नसल्यासारखीच. शाळेंतील काम आटोपून मी घरीं निघालों होतों. पाऊस जरा ओसरेपर्यंत थांबावें म्हणून फाट्यावरील चहाच्या टपरीच्या आडोशाला उभा राहिलों. तेथें आठदहा मंडळी एका मोबाईलभोंवतीं डोकीं जुळवून उभी होती. त्यांत कारखान्यांतील पाळी संपवून आलेले कामगार होते, घाट चढण्यापूर्वीं चहाला थांबलेला मालमोटारीचा एक चालक होता, आणि आमच्याच शाळेचे तीन विद्यार्थीही होते. अशी गर्दी दिसली म्हणजे क्रिकेटचा सामना चालला असेल, असें आपण न विचारतांच समजतों. मीही तसेंच समजलों. परंतु डोकावून पाहतों तों पडद्यावर चौसष्ट घरांचा पट! काळ्या समुद्राच्या कांठीं, जॉर्जिया देशांतील बाटुमी शहरीं, महिलांच्या विश्वचषक स्पर्धेचा शेवटचा सामना चालू होता, आणि आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख ही कोनेरू हम्पीशीं निर्णायक डाव खेळत होती.

बुद्धिबळासारख्या मुक्या खेळासाठीं शिळफाट्यावर भर पावसांत माणसें खोळंबून राहावींत, हें पाहून मला मोठा आनंद वाटला. परंतु पांच मिनिटांतच त्या आनंदाला कांटा टोंचला. पटाच्या कडेला एक उभी पट्टी होती. तिचा कांहीं भाग पांढरा व कांहीं काळा. कोणाची बाजू किती वरचढ आहे, याचा हिशेब संगणक क्षणोक्षणीं करतो आणि तो या पट्टीनें दाखवितो. दिव्या काळ्या सोंगट्यांनीं खेळत होती. पट्टींतला काळा रंग वाढला कीं मंडळी टाळ्या पिटीत. पांढरा वाढला कीं “गेलें, गेलें” म्हणून हळहळत. पटाकडे कोणाचेंच लक्ष नव्हतें. इतक्यांत हम्पीनें एक खेळी केली, पट्टी झर्रकन काळी झाली आणि एक गृहस्थ ओरडले, “अहो, एवढं तरी दिसू नये का तिला?” मीं सहज विचारलें, “दादा, तुम्ही तिथं कोणती खेळी केली असती?” त्यांनीं क्षणभर माझ्याकडे पाहिलें, मग पट्टीवर बोट ठेवून ते म्हणाले, “ते मला कुठं येतंय, सर? पण ती चुकली एवढं नक्की. ही पट्टीच सांगते ना!”

ते गृहस्थ सरळ मनाचे होते; त्यांनीं खरें तेंच सांगितलें. त्यांच्यावर टीका करण्यासाठीं मी हा लेख लिहीत नाहीं. त्यांच्या उत्तरांत मला माझाच एक जुना अपराध दिसला, म्हणून लिहीत आहें. त्याची हकीकत पुढें येईलच. तूर्त माझें म्हणणें एवढेंच कीं, बुद्धिबळाचे मोठे सामने पाहणारे लोक पूर्वींपेक्षां पुष्कळ वाढले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु डाव पाहणें आणि डावाचा निकाल पाहणें हीं दोन कामें निरनिराळीं आहेत, हें आपण विसरत चाललों आहों. आणि हा विसर केवळ पटापुरता राहत नाहीं.

प्रथम त्या सामन्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. विश्वचषक म्हणजे जगज्जेतेपद नव्हे. परंतु जगज्जेतीला आव्हान कोणीं द्यावें हें ज्या स्पर्धेंत ठरतें, तिचें दार या चषकानें उघडतें. महिलांच्या या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत दोन्ही बाजूंस भारतीयच असाव्या, असें प्रथमच घडलें होतें. हम्पी ही आंध्र प्रदेशची. २००२ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हां दिव्याचा जन्मही झाला नव्हता. २०१९ सालीं व पुन्हां २०२४ सालीं जलद डावांची जगज्जेती होण्याचा मान हम्पीनें मिळविला होता. दिव्याला स्पर्धेंत पंधरावें मानांकन होतें. वाटेंत तिनें चीनची झू जिनर, आपली हरिका द्रोणवल्ली आणि माजी जगज्जेती टॅन झोंगयी यांना हरविलें. अंतिम सामन्याचे २६ व २७ जुलैचे दोन्ही मोठे डाव बरोबरींत सुटले. २८ तारखेस कमी वेळाचे डाव झाले. त्यांतला पहिला पुन्हां बरोबरींत गेला आणि दुसरा दिव्यानें जिंकला. त्या विजयानें ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. डाव संपल्यावर तिनें आईला मिठी मारली, आणि तिला रडें आवरेना. शिळफाट्यावर त्या क्षणीं जो जल्लोष झाला, त्यांत मीही सामील होतों, हें कबूल करतों.

माझ्या लहानपणीं सामना पाहण्याची रीत निराळी होती. १९९५ सालीं मी मिशनच्या वसतिगृहांत राहून शिकत होतों. त्या वर्षीं सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत न्यूयॉर्क शहरीं विश्वनाथन आनंद व गॅरी कास्पारोव्ह यांचा जगज्जेतेपदाचा सामना झाला. वसतिगृहांत दूरदर्शनचा संच नव्हता. डावांतील खेळ्या वर्तमानपत्रांत येत, आणि वर्तमानपत्र आमच्यापर्यंत येईतों एकदोन दिवस उलटलेले असत. रात्रीं जेवणें झालीं कीं अधीक्षक व्हरांड्यांत पट मांडीत. छापलेल्या खेळ्यांवर ते पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवीत आणि एकेक खेळी उघडी करीत. पुठ्ठा सरकविण्यापूर्वीं प्रत्येकानें आपली खेळी सांगावयाची, आणि ती कां, तेंही सांगावयाचें. “उगीच” हें उत्तर तेथें चालत नसे.

त्या सामन्याचे पहिले आठ डाव बरोबरींत सुटले. कित्येक मुलें कंटाळून झोंपावयास गेलीं. नववा डाव आनंदनें जिंकला तेव्हां आम्हीं थाळ्या वाजविल्या. लगेच दहाव्या डावांत कास्पारोव्हनें आपला कोपऱ्यांतला हत्ती आनंदच्या वजिराला खाऊं दिला! आमच्यापैकीं एकाच्याही तोंडून ती खेळी आली नव्हती. अधीक्षकांनीं पुठ्ठा खालीं सरकविला आणि आम्ही सारे गप्प झालों. खेळी प्रतिपक्षाची होती, तरी तिच्यापुढें आमची मान लवली. आनंद तो सामना साडेसात विरुद्ध साडेदहा गुणांनीं हरला. आम्हांला फार वाईट वाटलें. परंतु आनंदला मूर्ख असें कोणीं म्हटलें नाहीं. कसें म्हणणार? त्याच्या जागीं आम्ही खेळीखेळीला बसलों होतों, आणि त्याच्यापेक्षां दसपट चुकलों होतों. स्वतः चुकल्यावांचून दुसऱ्याच्या चुकीचें वजन कळत नाहीं.

आतां काळ पालटला आहे. १९९७ सालीं डीप ब्लू नांवाच्या संगणकानें सहा डावांच्या सामन्यांत कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनीं हरविलें. त्यानंतर हीं यंत्रें इतकीं बलवान झालीं कीं, आज मुलांच्या हातांतील मोबाईलवर चालणारें बुद्धिबळाचें यंत्र जगज्जेत्यालाही हरवील. ती पट्टी म्हणजे याच यंत्राची भाषा होय. ती काय सांगते आणि काय सांगत नाहीं, हें नीट समजून घेतलें पाहिजे. येथून पुढें दोन्ही बाजू यंत्रासारख्या अचूक खेळल्या, तर पारडें कोणाचें जड राहील, एवढेंच ती सांगते. ती अचूक खेळी माणसाला सांपडण्याजोगी आहे कीं नाहीं, ती शोधतांना किती फसव्या वाटा पार कराव्या लागतील, खेळाडूच्या घड्याळांत किती क्षण उरले आहेत, हें पट्टी सांगत नाहीं. खेळाडूपुढें तर पट्टी नसतेच. मोबाईल खेळाच्या दालनांत नेण्यासही त्याला बंदी असते. “थांब, येथें कांहीं तरी आहे, शोध,” एवढें सांगणाराही त्याला कोणी नसतो, आणि प्रेक्षकाला मात्र हेंच गुपित पट्टी फुकट सांगत असते. म्हणून खेळाडू व प्रेक्षक एकाच पटाकडे पाहत असले तरी ते एकच डाव पाहत नसतात.

पाऊस उघडल्यावर एखाद्या रात्रीं आपण शिळफाट्यावरून घाटाकडे पाहावें. गाड्यांच्या दिव्यांची माळ वळणावळणांनीं चढतांना दिसते. कोणती गाडी कोठें अडली, हेंही येथें उभ्याउभ्या सांगतां येतें. परंतु त्याच घाटांत धुक्यांत सांपडलेल्या चालकाला पुढच्या गाडीचा तांबडा दिवाच काय तो दिसत असतो. त्याचें वळण चुकलें तर फाट्यावर चहा पीतपीत “एवढें वळण दिसलें नाहीं?” असें म्हणणें किती सोपें आहे! दुरून डोंगर साजरे, असें आपले वाडवडील म्हणत आले, तें उगीच नव्हे. बुद्धिबळांत उंट आहे हें खरें. पण उंटावरून शेळ्या हांकणें हा कांहीं बुद्धिबळाचा भाग नव्हे.

आतां माझ्या अपराधाची हकीकत सांगतों. २०२४ सालचा पावसाळा संपल्यावर शाळांच्या एका स्पर्धेस मी आमचे चार विद्यार्थी घेऊन गेलों होतों. त्यांत नववींतला एक मुलगा होता. घरची स्थिति बेताची, वडील रोजमजुरीवर. पण पटावर बसला कीं हा मुलगा तासन्‌तास मान वर करीत नसे. शेवटच्या डावांत त्याच्याजवळ वजीर होता आणि प्रतिस्पर्ध्याजवळ एकटा राजा. विजय हातांत आला होता. मी दोरीच्या पलीकडे, इतर शिक्षक व मुलें यांच्यांत उभा राहून पाहत होतों. त्यानें घाईनें वजीर असा एका घरावर ठेवला कीं, समोरच्या राजाला शहही बसला नाहीं आणि हलावयास घरही उरलें नाहीं. राजा कोंडला आणि नियमाप्रमाणें डाव बरोबरींत सुटला. मुलगा उठून बाहेर आला आणि माझ्या तोंडाकडे पाहूं लागला. आणि मीं, त्याच्या शिक्षकानें, परक्या मुलांच्या देखत कपाळावर हात मारून म्हटलें, “अरे, एवढंही दिसलं नाही?” कांहीं मुलें हंसलीं. तो हंसला नाहीं. परततांना गाडींत तो खिडकीशीं बसून होता; कोणाशीं एक शब्द बोलला नाहीं. त्यानंतर त्यानें पट उघडला नाहीं. मीं विचारलें कीं म्हणे, “अभ्यास आहे, सर.” मीं तें खरें मानलें, कारण खरें मानणें माझ्या सोयीचें होतें.

त्याच वर्षीं २५ नोव्हेंबरपासून सिंगापूर येथें जगज्जेता डिंग लिरेन आणि चेन्नईचा अठरा वर्षांचा गुकेश यांचा चौदा डावांचा सामना चालू होता. तेरा डाव झाले तरी दोघांचे गुण सारखेच, साडेसहा-साडेसहा. १२ डिसेंबर रोजीं चौदावा डाव होता. शाळा सुटल्यावर आम्ही कांहीं शिक्षक व पुष्कळ मुलें ग्रंथालयांत संगणकापुढें बसलों होतों. तो मुलगाही दाराशीं येऊन उभा राहिला होता. मला बरें वाटलें. पटावर दोघांचा एकेक हत्ती व एकेक उंट. काळ्या सोंगट्यांच्या गुकेशचें एक प्यादें जास्त. तरीही डाव बरोबरींत सुटणार, असेंच सारे म्हणत होते. पंचावन्नाव्या खेळीस डिंगनें आपला हत्ती गुकेशच्या हत्तीपुढें आणला. हत्तींची मारामारी झाली. मग गुकेशनें आपला उंट डिंगच्या उंटासमोर आणला. डिंगचा उंट पार कोपऱ्यांत असल्यानें त्याला पळ काढावयास जागा नव्हती. उंटही गेले. उरलेल्या राजाप्याद्यांच्या डावांत तें एक जास्तीचें प्यादें भारी ठरलें, आणि अठ्ठावन्नाव्या खेळीस सामना संपला. परंतु पंचावन्नाव्या खेळीसरशीं पट्टी काळी झाली, त्याच क्षणीं आमच्या ग्रंथालयांत ओरडा झाला होता, आणि त्यांत माझा आवाज सर्वांत मोठा होता. “जगज्जेता ना हा? एवढंही दिसलं नाही?”

बोलून मी मागें वळून पाहिलें. दारांत कोणी नव्हतें.

तेच शब्द, तोच स्वर. त्या रात्रीं मला झोंप येईना. घरीं पट मांडून मीं डिंगची ती स्थिति लावली. निकाल मला ठाऊक होता, घड्याळ नव्हतें, हजारों डोळे माझ्याकडे लागलेले नव्हते. तरी उंटांची मारामारी कां टाळतां येत नाहीं आणि पुढें राजा कोणत्या घरीं अडतो, हें उमजावयास मला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलाला बोलावून घेतलें आणि त्याची क्षमा मागितली. तो गोंधळला, शिक्षकानें क्षमा मागावी, याची त्याला संवय नव्हती. बऱ्याच वेळानें खालीं पाहत म्हणाला, “सर, मला ते घर दिसलं होतं. पण सगळे बघत होते, म्हणून घाई झाली.”

पाहणाराची नजर ही निरुपद्रवी वस्तु नव्हे, हें मला त्या वाक्यानें शिकविलें. दोरीच्या पलीकडे उभे राहणारे आपण डावाबाहेर असतों असें आपल्याला वाटतें. परंतु आपला सुस्कारा, आपलें हंसणें, आपल्या कपाळावरचा हात, यांचें ओझें खेळणारावर पडत असतें. बलवान खेळाडू तें ओझें पेलूनही खेळतो. कोंवळा खेळाडू पट मिटून ठेवतो.

जे स्वतः पटावर बसतात, ते सहसा असें वागत नाहींत. त्या १२ डिसेंबरला गुकेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें आणि हात सोंगट्या पुन्हां मूळच्या घरीं मांडीत होते. नंतर बोलतांना त्यानें डिंगच्या झुंजीचें कौतुक केलें. १९७२ सालीं आइसलँडमधील रेक्याविक येथें फिशर व स्पास्की यांचा जो सामना झाला, त्यांतील सहावा डाव फिशर इतका सुंदर खेळला कीं प्रेक्षकांनीं टाळ्या वाजविल्या. आणि त्या डावांत हरलेला, त्या वेळचा जगज्जेता स्पास्कीही त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवूं लागला. ज्याचें सिंहासन हालत होतें, तो टाळ्या वाजवूं शकला; मग ज्यांचें कांहींच जात नाहीं अशा आपण थट्टा कां करावी?

कोणी म्हणतील, “ज्याला घोड्याची चाल ठाऊक नाहीं, त्यानें पट्टी पाहूं नये तर काय पाहावें? पट्टी नसती तर तुमच्या टपरीवर गर्दीच जमली नसती.” हा आक्षेप मला मान्य आहे. क्रिकेट न समजणाराही धांवफलक पाहून सामन्यांत रमतो, आणि रमतां रमतां खेळ शिकतो. पट्टी ही घरांत शिरण्याची पायरी आहे. तिच्यावरून आंत यावें, पायरीवरच बिऱ्हाड करूं नये, एवढेंच माझें सांगणें. दुसरें कोणी म्हणतील, “आपल्या माणसानें जिंकावें असें वाटणें हा काय गुन्हा आहे?” मुळींच नाहीं. नागपूरच्या मुलीसाठीं शिळफाट्यानें टाळ्या वाजवाव्या, हें योग्यच झालें. पण हम्पी तरी परकी कोठें होती? १९७४ सालीं आपल्या देशांत महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर हिनें जिंकली. पुढें जयश्री व रोहिणी या तिच्या बहिणींनींही तें पद मिळविलें. त्यांच्यानंतर भाग्यश्री साठे, मग हम्पी, मग हरिका, अशी एकेकीनें वाट रुंद केली, तेव्हां दिव्याला धांवावयास रस्ता मिळाला. हरलेल्या हम्पीची थट्टा करणें म्हणजे ज्या वाटेनें आलों तिचेच दगड उखडणें होय.

मग डाव पाहावा कसा? मी तीन साध्या गोष्टी सुचवितों.

पहिली, पट्टी झांकावी. मोबाईलवर ती बंद करतां आली तर उत्तम. नाहीं तर कागदाची एक चिठ्ठी पुरे. जवळ खरा पट मांडावा, आणि खेळाडू विचार करीत असतां आपणही विचार करून आपली खेळी वहींत लिहावी. साधल्यास एका ओळींत कारणही लिहावें. डाव संपल्यावर यंत्राचें मत खुशाल पाहावें. शेवटीं पाहिलें तर यंत्र आपल्याला शिकवितें. आधींच पाहिलें तर तें आपल्याऐवजीं विचार करतें आणि आपण रिकामेच राहतों. ज्यांना चाली येत नाहींत त्यांनीं त्या घरांतल्या किंवा शेजारच्या मुलाकडून शिकाव्या. एका संध्याकाळचें तें काम आहे, आणि वडिलांना शिकवितांना मुलाला जो आनंद होतो तो निराळाच.

दुसरी, पट फिरवावा. आपल्या माणसाच्या बाजूनें दहा खेळ्या पाहिल्या कीं समोरच्याच्या बाजूस जाऊन बसावें. त्याला कशाची भीति आहे, तो कशाची वाट पाहतो आहे, हें शोधावें. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, ही वृत्ति पटावर टिकत नाहीं. कारण समोरच्याची उत्तम खेळी ओळखल्यावांचून आपली उत्तम खेळी सांपडतच नाहीं.

तिसरी, हरणाराची एक तरी चांगली खेळी शोधून काढावी. डिंगनें त्या सामन्याचा पहिलाच डाव काळ्या सोंगट्यांनीं जिंकला होता. अकराव्या डावानंतर तो मागें पडला, तेव्हां बारावा डाव जिंकून त्यानें पुन्हां बरोबरी साधली होती. लोकांच्या ध्यानांत मात्र राहिली ती एक पंचावन्नावी खेळी. चौदा डावांतली एक खेळी म्हणजे डिंग नव्हे.

आतां पालकांस दोन शब्द. प्रगतिपुस्तक हीही एक पट्टीच आहे. गणितांत अमुक गुण मिळाले, गेल्या सहामाहीपेक्षां तमुक कमी झाले, असें ती दाखविते, आणि तें खोटें नसतें. परंतु तो आंकडा पाहून “एवढंही आलं नाही?” असें आपण विचारतों, तेव्हां आपण त्या टपरीवरील गृहस्थांच्याच जागीं उभे असतों. उत्तरपत्रिका मागून घ्यावी. मुलाला शेजारीं बसवून विचारावें, “हे उदाहरण सोडवताना तुझ्या मनात काय आलं?” माझा अनुभव असा कीं, कित्येकदां मूल चार पायऱ्या बरोबर चढलेलें असतें आणि पांचवीवर घसरलेलें असतें. आंकड्याला तें ठाऊक नसतें, विचारणाराला कळतें.

मुलींच्या पालकांस आणखी एक विनंति आहे. आमच्या शाळेंत बुद्धिबळ खेळणाऱ्या मुली थोड्या नाहींत. परगांवच्या स्पर्धेचें संमतिपत्रक घरीं गेलें कीं मात्र त्यांचीं नांवें गळूं लागतात. दुसऱ्याची मुलगी बाटुमीस जिंकली म्हणून टाळ्या वाजविणें सोपें आहे. आपल्या मुलीला कर्जतला खेळावयास पाठवावें, तिच्याबरोबर जावें, आणि ती हरली तरी परतीच्या गाडींत तिच्याशीं त्या डावाविषयीं गोडीनें बोलावें, यांत खरी परीक्षा आहे. तीत मी एकदां नापास झालेला आहें, म्हणूनच हें सांगण्याचें धाडस करतों.

पुढील जगज्जेतेपदाचा सामना जेव्हां होईल, तेव्हां आमच्या ग्रंथालयांत तो पडद्यावर दिसेल. त्या पडद्याच्या कडेला पट्टीवर पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटविलेला असेल. ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं अवश्य यावें, पालकांनींही यावें, आणि येतांना आपली खेळी घेऊन यावें.

तो मुलगा आतां दहावींत आहे. स्पर्धेचें नांव काढलें कीं अजून हंसून विषय बदलतो. मीही आग्रह करीत नाहीं. परंतु मधल्या सुटींत तो ग्रंथालयांत पट मांडतो, आणि कोणी ना कोणी समोर बसतो. मी तेथें गेलों तर मुकाट्यानें उभा राहतों. डाव संपून सोंगट्या परत मांडून झाल्या म्हणजे एखाद्या वेळीं विचारतों, “या ठिकाणी तुझ्या मनात काय होतं?” मग तो सांगूं लागतो, आणि बहुधा सुटी संपल्याची घंटा होते.